पांढरा-केशरी डबल बेस : धडक टळते, ऑब्स्ट्रक्शन टळत नाही

सॉफ्टबॉलच्या पहिल्या बेसवर टाकायचा हा जोडबेस १५ बाय ३० इंचांचा. पांढरा चौकोन फेअरमध्ये म्हणजे खेळाच्या हद्दीत, केशरी फाऊलमध्ये म्हणजे हद्दीबाहेर, मधला सांधा हद्द आखणाऱ्या फाऊल लाइनच्या बाहेरच्या कडेला. तो इंचभर जरी आत सरकला तरी बॉल फेअर की फाऊल यावरून भांडण ठरलेलं. पांढऱ्याला लागला तर फेअर, नुसत्या केशरीला लागला तर फाऊल.

पहिला बेस सांभाळणाऱ्या फर्स्ट बेसमनचा पाय पांढऱ्यावर, फटका मारून धावत येणाऱ्या बॅटर-रनरचा केशरीवर. त्यामुळे घोट्यावर बुटाचे स्पाइक पडणं खरंच कमी होतं. शाळेच्या मैदानासाठी एवढ्या कारणानंही घ्यावा. मात्र पहिल्या बेसवर त्याला बाद करण्याचा प्रयत्न (प्ले) होत असताना रनरनं फक्त पांढऱ्याला पाय लावला, तर तो बेसवर परत येण्याआधी अंपायरकडे अपील करून त्याला आऊट मागता येतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

डबल बेस टाकला की अंपायरचं काम हलकं झालं, हा समज मात्र चुकीचा. राइट फील्डला, म्हणजे पहिल्या बेसच्या मागच्या मैदानात, फटका गेला की रनर दुसऱ्या बेसकडे वळताना पांढऱ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून जातो, आणि नेमका तिथंच फर्स्ट बेसमन बॉलकडे बघत उभा. केशरी भाग इथे काहीच कामाचा नाही. हातात बॉल नाही, बॅटमधून आलेला बॉल अडवण्याचं कामही चालू नाही, आणि त्याच्यामुळे रनरची चाल मोडली, म्हणजे ऑब्स्ट्रक्शन, रनरला केलेला बेकायदा अडथळा. अंगाला अंग लागायलाच हवं असं नाही. ‘थ्रो येतच होता’ ही सबबही चालत नाही.

अशा वेळी अंपायरनं डावा हात खांद्याच्या उंचीला आडवा, मूठ बंद, तोंडानं ‘ऑब्स्ट्रक्शन’, आणि खेळ चालू. नवखे अंपायर लगेच ‘डेड बॉल’ (खेळ थांबला) ओरडतात आणि पुढच्या बेसवर असलेल्या रनरची हक्काची धाव घालवतात. अडथळ्याच्या क्षणीच बॉल कुठे आहे, थ्रो कुणाकडे चाललाय, रनर किती वेगात होता हे पाहून मनात बेस ठरवायचा. दुसरा ठरवला आणि रनर तिथे पोचण्याआधी बॉल लावून टिपला गेला, तर डेड बॉल, दुसरा बेस बहाल. पहिलाच ठरवला असेल तर पहिल्यावर परत. एक बेस आपोआप मिळत नाही. दुसरा ठरवला असताना त्याच्याही पुढे पळाला तर स्वतःच्या जोखमीवर.

दोन अंपायर असतील आणि बेस रिकामे असतील, तर इनफिल्डच्या फटक्यावर बेस अंपायर आत जाऊन थ्रोकडे बघत असतो. केशरीवर पाय टाकून रनरची वाट अडवणारा फर्स्ट बेसमन त्याच्या नजरेतून सुटू शकतो. लाइनच्या बाजूनं रनरच्या मागोमाग धावणाऱ्या प्लेट अंपायरनंच (बॅटरजवळ उभा असतो तो) तो पकडायचा.

खरेदी करताना जमिनीत पुरलेल्या अँकरमध्ये बसणारा प्रकार बघा. पट्टे आणि खिळ्यांचा स्वस्त असतो, पण मुरमाच्या मैदानात खिळे हळूहळू वर येतात आणि स्लाइड करणाऱ्याला लागतात. प्रत्येक इनिंगनंतर ठोकून घ्यावे लागतात. उन्हात केशरी रंग उडून फिकट पडला की दोन भाग लांबून वेगळे ओळखू येत नाहीत; तसा बेस बदलूनच टाका.