क्वांटम डॉटची कुपी: चकाकीला पूर्ण गुण, लेपाला निम्मे

वैद्यकीय प्रतिमांकनासाठी विकल्या जाणाऱ्या फ्लुओरेसंट (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या) नॅनोकणांमध्ये क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचा जेमतेम काही नॅनोमीटरचा स्फटिक, हा सर्वांत परिचित प्रकार आहे. येथे ज्या संचाचे परीक्षण केले आहे, त्यातील कणांचा गाभा कॅडमियम सेलेनाइडचा, त्यावरचे कवच झिंक सल्फाइडचे आणि सर्वांत बाहेर पाण्यात मिसळू देणारा पॉलिमरचा लेप आहे. ते ६५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश देतात. विक्रेत्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे येणारे बहुतेक दोष या संपूर्ण वर्गाचे आहेत आणि दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या कुपीतही ते निघतीलच.

चकाकीबद्दल तक्रारीला जागा नाही. अतिनील टॉर्चखाली धरताच कुपीतले जवळजवळ रंगहीन द्रावण भडक लाल दिसते, आणि तेवढ्यावर खरेदी करण्याचा मोह होतो. पण खरी किंमत वसूल होते ती मायक्रोस्कोपखाली. ऊतीच्या छेदावर (पातळ कापावर) फ्लुओरेसीन या नेहमीच्या रंगद्रव्याचा हिरवा रंग फोकस नीट लावेपर्यंतच फिका पडू लागतो, तर शेजारचा लाल रंग संपूर्ण जाडीचे थर एकामागून एक टिपून झाले तरी जसाच्या तसा राहतो. शिवाय हे कण निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश भरपूर शोषतात आणि देतात मात्र अगदी अरुंद पट्ट्यात. त्यामुळे ४०५ नॅनोमीटरच्या एकाच लेझरने वेगवेगळ्या रंगांचे कण एकाच वेळी उजळवता येतात आणि त्यांचे संकेत एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. रंग ठरतो गाभ्याच्या आकारावरून: साधारण दोन नॅनोमीटरचा कण निळसर-हिरवा, सहाच्या आसपासचा लाल. एकसारख्या आकाराचे कण हुकमी बनवण्याची पद्धत मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये दिली, आणि २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना लुई ब्रुस व अलेक्सी एकिमोव यांच्यासह मिळाले. आमच्या स्पेक्ट्रोमीटरवर या संचाच्या प्रकाशाचे शिखर सोबतच्या पत्रकात छापलेल्या तरंगलांबीलाच आले, यावरून ती पद्धत किती पक्की झाली आहे ते कळते. एकेकट्या कणाचा माग काढणाऱ्यांनी मात्र सावध असावे. सुटा कण मध्येच विझतो, पुन्हा पेटतो, आणि माग तुटतो.

गुण कापावे लागतात ते लेपाचे. पत्रकात चकाकीचे आलेख दोन पाने आहेत आणि लेपाबद्दल जेमतेम एक ओळ, तरी प्रयोग साधेल की फसेल हे लेपच ठरवतो. कुपी चार अंश सेल्सिअसला ठेवायची असते. ती चुकून गोठली तर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि नंतर कितीही हलवले तरी त्या सुटत नाहीत. आम्लधर्मी बफरमध्ये संकेत मंदावतो, तांब्याचे आयन तो झपाट्याने विझवतात, आणि छेदावर काचपट्टी बसवण्याचे नेहमीचे ग्लिसरीनयुक्त माध्यमही प्रत्येक वेळी मानवतेच असे नाही, म्हणून आधी एका वाया घालवण्याजोग्या छेदावर पाहून घेणे शहाणपणाचे. कणांना प्रतिपिंड (ऊतीतले ठरावीक लक्ष्य ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन) जोडण्यापूर्वी द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ टाकून दिला नाही, तर छेदभर लाल ठिपक्यांची रांगोळी उमटते आणि त्यातला खरा संकेत कोणता हे सांगता येत नाही. प्रतिपिंडाविना कण घातलेला, तुलनेसाठीचा नियंत्रण छेद म्हणूनच टाळता येत नाही. लेप आणि प्रतिपिंड धरून कणाचा व्यास गाभ्याच्या कित्येक पट होतो. तो जाड छेदात खोलवर शिरत नाही आणि पेशीकेंद्रकात पोहोचवणे तर त्याहून अवघड.

आता ज्या शब्दांवर हा संच विकला जातो त्या ‘वैद्यकीय प्रतिमांकना’कडे वळू. निळ्या-जांभळ्या प्रकाशाचे भरपूर शोषण आणि ६५५ ची लाल चकाकी हे मायक्रोस्कोपखालचे दोन्ही गुण शरीरात शिरताच निरुपयोगी ठरतात. जांभळा-निळा प्रकाश त्वचेत आणि रक्तात इतका शोषला जातो की खोलवरच्या कणापर्यंत तो पोहोचतच नाही, आणि पोहोचतो तेथे ऊतींचा स्वतःचा फ्लुओरेसन्स उठवून पार्श्वभूमी उजळ करतो. ऊतींमधून प्रकाश बऱ्यापैकी पार होतो तो साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. त्याखाली हिमोग्लोबिन आडवे येते आणि त्यापुढे पाण्याचे शोषण वाढत जाते. ६५५ चा कण या खिडकीच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. जिवंत प्राण्यात काही पाहायचे असेल तर निकट अवरक्त प्रकाश देणारा कणच मागवावा.

त्याहून गंभीर प्रश्न आहे तो कण बाहेर कसा पडणार याचा. २००७ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दिसले की, द्रावणातला एकूण व्यास सुमारे साडेपाच नॅनोमीटरच्या आत असेल तरच असे कण मूत्रपिंडांतून चटकन गाळले जातात. त्याहून मोठे कण यकृत आणि प्लीहेत अडकून राहतात. या संचातले कण त्या मर्यादेच्या बरेच वर आहेत. उघडा पडलेला कॅडमियम सेलेनाइड हवा व अतिनील प्रकाशाने ऑक्सिडीकृत होऊन विषारी कॅडमियम आयन सोडतो, हे २००४ पासून नोंदले गेले आहे. झिंक सल्फाइडचे कवच हा धोका कमी करते, नाहीसा करत नाही. पत्रकाच्या मुखपृष्ठावर मानवी शरीराची आकृती आणि मागच्या पानावर बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी, निदानासाठी नाही’ ही मांडणी म्हणूनच खटकते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर आज जे सर्रास वापरले जाते ते इंडोसायनीन ग्रीन, १९५९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले साधे सेंद्रिय रंगद्रव्य. ते क्वांटम डॉटइतके टिकाऊ नाही, रक्तात त्याचा अर्धायुकाल (प्रमाण निम्मे होण्याचा काळ) जेमतेम तीन-चार मिनिटांचा आहे; पण ते यकृतावाटे पित्तात उतरून निघून जाते, आणि डॉक्टरांना नेमके हेच हवे असते. नॅनोकणांपैकी माणसापर्यंत पोहोचलेले ठळक उदाहरण म्हणजे कॉर्नेल विद्यापीठात घडलेले सिलिकाचे कण. त्यांच्या पोटात रंगद्रव्य, बाहेर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा लेप आणि व्यास सहा-सात नॅनोमीटरच्या आसपास. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या मानवी चाचणीला परवानगी दिली आणि २०१४ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कण मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडले. तेथे आधी व्यास आणि लेप यांचा विचार झाला. या संचात क्रम उलटा आहे.

छेद आणि संवर्धित पेशींवर अनेक रंगांचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेने हा संच बेलाशक घ्यावा; महाग आहे, पण एका कुपीत बरेच काम निघते. प्राण्यांवरील कामासाठी तो मी मागवणार नाही. मागवायचाच असेल, तर त्या विशिष्ट खेपेचा द्रावणातला व्यास आणि रक्तद्रवात ठेवल्यानंतरचा व्यास ही दोन्ही मोजमापे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावीत, कारण रक्तातली प्रथिने कणांवर चढली की छापील आकडा उपयोगाचा राहत नाही. आमच्या विचारणेला फक्त पहिला आकडा मिळाला आणि लेपाचे रसायन व्यापारी गुपित असल्याचे उत्तर आले. उरलेले द्रावण आणि धुण्याचे पाणी कॅडमियमयुक्त घातक कचरा म्हणून वेगळे साठवावे लागते, ते बेसिनमध्ये ओतता येत नाही. ही सूचना पत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे, ती कुपीच्या लेबलवरच असायला हवी.