बेळगाव कॅम्पातलं जुन्या पुस्तकांचं दुकान : पुस्तकं भारी, डिपॉझिट सांभाळा

निपाणीहून बेळगावला आलो की ह्या दुकानात माझा एक तास जातोच. नाव लिहीत नाही कारण तक्रार पण आहे. बाहेरून झेरॉक्सचं दुकान वाटतं, आत छतापर्यंत मराठी कन्नड इंग्रजी पुस्तकं एकात एक कोंबलेली, काका एकदा "काय बघूलालाय?" विचारतात आणि मग तासभर तोंड उघडत नाहीत, हे मला लई आवडतं.

स्कीम अशी, पुस्तकाची पूर्ण किंमत डिपॉझिट, परत दिलं की वीस रुपये कापून बाकीचे हातात. ह्यावेळी ब्रिटिश नेव्हीतून पळालेल्या खलाशांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक नेलं. 1803 मध्ये ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनचा अंदाज होता की फ्रान्सबरोबरच्या आधीच्या युद्धात 42,000 खलाशी पळाले! पळतील नाहीतर काय, लोकांना जबरदस्तीनं धरून जहाजावर घालायचं, बंदर आलं तरी पळतील म्हणून खाली उतरू द्यायचं नाही, वर सहा-सहा महिन्यांचा पगार अडकवून ठेवायचा. तरी पळालाच तर रजिस्टरात नावापुढं 'आर', म्हणजे रन, आणि पगार बुडाला.

त्यातला रॅटफोर्ड तर डोक्यातून जाईना. हा गडी अमेरिकेत उतरून पळाला, खोट्या नावानं त्यांच्या चेसापीक जहाजावर भरती झाला आणि तिथल्याच नॉरफोक बंदराच्या रस्त्यात जुना कॅप्टन भेटला तर त्यालाच उलट सुनावलं. गप बसायचं की रे! जून 1807 मध्ये ब्रिटिशांच्या लेपर्ड जहाजानं चेसापीकवर तोफा डागल्या, पळालेले खलाशी म्हणून चौघांना ओढून नेलं, हा कोळशाच्या खोलीत लपलेला सापडला. ऑगस्टमध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला फाशी. बाकी तिघं अमेरिकन होते, त्यावरून दोन देशांत जो तमाशा झाला तो वेगळाच.

आता तक्रार. पाऊस, शेताची कामं, पुस्तक परत द्यायला चार महिने लागले. काकांनी पुस्तक ठेवून घेतलं आणि डिपॉझिट पण. तीन महिन्यांची मुदत म्हणे, बोर्डावर नाही, पावतीवर नाही, मला कुणी सांगितलं पण नाही. वही बघितली तर माझ्या नावापुढं लाल पेनानं 'प'. हे काय विचारलं तर म्हणाले, "पळाला."

पुस्तकांना चार स्टार, हिशोबाला एक. नेव्हीत निदान अर्ज करून 'आर' काढून घेता यायचा, काकांकडं ती पण सोय नाही.