एज्युकेशन पॉलिसी की कॉलेज अ‍ॅथलेटिक्स लीडरशिप?

अमेरिकेत मास्टर्स करायचंय आणि या दोन्हींत अडकलात तर आधी हे बघा, सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधे अ‍ॅथलेटिक्स लीडरशिपचा, म्हणजे कॉलेजांचे खेळ विभाग चालवायला शिकवणारा कोर्स कॉलेज ऑफ एज्युकेशनमधेच सुरू झाला, म्हणजे दोन्ही एकाच घरचे.

पॉलिसीत स्टॅटिस्टिक्स, शाळांचा पैसा येतो कुठून, २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्टने (शाळांसाठीचा केंद्रीय कायदा) राज्यांच्या हातात काय दिलं, असलं सगळं. आकड्यांशी जमत नसेल तर जड जातं.

अ‍ॅथलेटिक्समधे मात्र सध्या खरी उलथापालथ चाललीय. १९७२ चं टायटल नाईन हे कायद्याचं कलम, ज्यामुळे मुलींना खेळात बरोबरीची संधी द्यावी लागते, ते तर पाठच पाहिजे, त्यात २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेतात आणि २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, मग पोहणं, कुस्ती असे कमी कमाईचे खेळ टिकवायचे कसे? मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ह्युमन डेव्हलपमेंटचा एखादा पेपर दोन्हीकडे घ्याच, १८ वर्षांच्या पोराच्या मनात काय चालतं ते कळायला हवं.

मी पॉलिसी घेईन, सरकारी खाती, संशोधन संस्था, एनजीओ, कुठेही चालते. अ‍ॅथलेटिक्सला जाणार असाल तर पहिल्या सेमिस्टरपासूनच इंटर्नशिप शोधायला लागा.