ड्रेनमधून तांबडं पाणी आलं, तरी मी पैसे मोजले

एकूण गेले 20,780 रुपये. कंप्रेसरचे 18,500, तो म्हापशाहून टेम्पोने घरी आणायचे 1,300, ऑइलचे 380 आणि शेवटी त्याच्या टाकीचं खरं रूप बघण्यासाठी 600. चवथीआधी हवेच्या गनने दारं-खिडक्यांचं पॉलिश उरकायचं होतं आणि जाहिरातीत मला हवं तेच लिहिलं होतं: 3 एच.पी., 50 लिटर टाकी, 10 सी.एफ.एम. (म्हणजे मिनिटाला 10 घनफूट हवा), कॉपर वाइंडिंग, न वापरलेला डेमो पीस. मशिनरीतलं मला कळतं, त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण आपल्यातल्या ज्यांना थोडंफार कळतं, त्यांनाच ही माणसं नेमकी हेरतात, म्हणून सगळं उघड लिहितोय.

विकणाऱ्याच्या शेडमध्ये मशीन चकचकीत निळं दिसत होतं. मी आधी ड्रेन कॉक, म्हणजे टाकीच्या तळाची पाणी सोडायची तोटी, सोडला, कारण टाकी बघायची तर सुरुवात तिथूनच करायची असते. आधी फुरफुर हवा, मग अर्धा पेला तांबडं पाणी सिमेंटवर सांडलं. त्यात नखाएवढे गंजाचे दोन-तीन पापुद्रे होते. मी मान वर केली तर तो शांतपणे म्हणाला, "पात्रांव, तें टेस्टिंगाचें उदक. कंपनींत उदकानच टेस्ट करतात न्हय?"

खरंच, टाकीची चाचणी पाण्यानेच करतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि त्या एका खऱ्या वाक्यावर मी गप्प बसलो. चाचणीचं पाणी टाकीत ठेवून कोणी माल विकत नाही आणि नव्या पत्र्याचे पापुद्रे सुटत नाहीत, एवढं तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. ते पापुद्रे अजून डोळ्यांसमोर येतात. नव्या मशीनमधून तांबडं पाणी आलं की पैसे खिशात ठेवा आणि निघा, ते काय सबब सांगतात हे ऐकायला थांबूसुद्धा नका.

मग त्याने मशीन चालू करून दाखवलं. शून्यापासून 8 किलो दाबापर्यंत टाकी 3 मिनिटं 10 सेकंदांत भरली. हा वेळ मोबाइलच्या व्हिडिओत आहे, म्हणून नक्की सांगता येतो. "बघा, किती लवकर भरली!" असं तो म्हणाला आणि मलाही तसंच वाटलं. हिशेब साधा आहे. टाकीचे लिटर गुणिले दाबाचे किलो, भागिले मिनिटं, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा मिळते ते कळतं. त्याला 28.3 ने भागलं की सी.एफ.एम. त्याने सांगितलेले 50 लिटर खरे धरले तरी 400 लिटर हवा 3 मिनिटं 10 सेकंदांत, म्हणजे साडेचार सी.एफ.एम. दहा असते तर टाकी 85 सेकंदांत भरायला हवी होती.

टाकी 50 लिटरची नव्हतीच. घरी आणल्यावर प्रेशर स्विचखालचा फिटिंगचा नट काढून बादलीने पाणी ओतलं. दहा लिटरच्या तीन बादल्या आणि वर एक लिटर, झाली भरून. 31 लिटर! आता तोच हिशेब केला तर 2.8 सी.एफ.एम. निघतात. लहान टाकी लहान पंपाचं पाप झाकते, कारण ती लवकर भरते आणि गिऱ्हाईक खूश होतं. आत पाणी ओतणं दुकानात शक्य नसतं, पण मोजपट्टी खिशात मावते. 50 लिटरची टाकी साधारण 30 सेंटीमीटर व्यासाची आणि 70 सेंटीमीटर लांब असते. रंगवलेल्या आकड्याला काडीची किंमत देऊ नका.

मोटरवर "3 एच.पी." असा स्टिकर होता, तोही नेमका कंपनीच्या मूळ माहितीपट्टीवर चिकटवलेला. वायरीतला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, तर 7 किलोच्या दाबाला मोटर 6.2 अँपिअर खात होती. सिंगल फेजवर खऱ्या 3 एच.पी.ला 16-17 अँपिअर लागतात, घरातला 16 अँपिअरचा प्लग तिला पुरायचाही नाही. 6.2 म्हणजे जेमतेम एक, फार तर सव्वा एच.पी. एवढ्यातून तीन-चार सी.एफ.एम.पेक्षा जास्त हवा कोणी काढून दाखवू शकत नाही. पॉलिशच्या 1.4 नोझलच्या गनला 6 ते 8 लागतात. ती चालवली की अर्ध्या मिनिटात दाब कोसळतो, फवारा जाड होतो आणि दारावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे उमटतात. वाइंडिंगही कॉपरचं नव्हतं. टर्मिनलच्या डब्यातल्या तारेचं वार्निश ब्लेडने खरवडलं, तर आत पांढरं ॲल्युमिनियम.

खिळ्यांची गन, टायर आणि धूळ उडवणं एवढंच काम असेल तर 25 लिटरचा लहान ऑइल-फ्री पुरतो, फक्त आवाज फार करतो. पॉलिश करायचं असेल तर बेल्टचा, निदान 2 एच.पी.चा घ्या. त्यावर लिहिलेले सी.एफ.एम. पिस्टनच्या मापावरून काढलेले आहेत की प्रत्यक्ष बाहेर येणाऱ्या हवेचे, हे तोंडी नको, कागदावर मागा. दोन आकड्यांत एक तृतीयांश फरक सहज पडतो. मशीन थांबताना प्रेशर स्विचमधून "फुस्स" असा आवाज यायलाच हवा. तो आला नाही तर पंपाच्या हेडमध्ये दाब कोंडून राहतो आणि पुढच्या वेळी मोटर नुसती गुरगुरते. पावसाळ्यात गावात व्होल्टेज पडलं की अशीच मोटर जळते. लांब वायर वापरू नका, त्यापेक्षा हवेचा पाइप लांब घ्या. ऑइल कंप्रेसरचंच घाला, मोटरसायकलचं 20डब्ल्यू-40 नको.

टाकीबद्दल मात्र सगळ्यांत जास्त संताप आहे, कारण इथे प्रश्न पैशांचा राहत नाही. गोव्याच्या दमट हवेत टाकीत रोज पाणी साचतं आणि पत्रा आतून, तळाशी कुजतो. बाहेरून काही दिसत नाही. मी तळाला पेचकसाच्या मुठीने ठोकून बघितलं, तर ड्रेनजवळ आवाज बद्द आला. रंग खरवडला तर खाली इपॉक्सी पुटी. दाब जास्त झाला की हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी रंगाने अशी चिकटलेली की पकडीने ओढली तरी हलेना. फॅब्रिकेटरकडे पुटी काढून हातपंपाने पाण्याचा दाब दिला. टाकीने 8 किलोच्या दीडपट सोसायला हवं, ही 6 किलोला पाझरू लागली. ह्याच टाकीत 8 किलो दाबाची हवा भरून मी शेजारी उभा राहिलो होतो! अशा टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लावायच्या भानगडीत पडू नका, टाकीच बदला.

बिलाचंही सांगतो. "पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर," असं तो म्हणाला. म्हणजे 3,330 रुपये. मी कच्ची चिठ्ठी घेतली. बाजारात निम्मे लोक हेच करतात, पण पुढे सगळीकडे ह्याच चिठ्ठीने मला अडवलं. 5,000 यूपीआयने दिले होते, ते दिसतात. 13,500 रोख दिले, त्यांचा कुठे मागमूस नाही. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि गोव्याचा 30 ने सुरू होतो. पैसे देण्याआधी तो सरकारी पोर्टलवर टाकून बघा.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला हवालदाराने विचारलं, "मशीन चालतं ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण आहे." जुनी, कुजलेली टाकी रंगवून नवी म्हणून विकणं ही फसवणूक नाही, तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? खरवडलेल्या पुटीचे फोटो त्याने बघितलेसुद्धा नाहीत. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. शिक्का मिळेपर्यंत मी दीड तास बाकावर बसून राहिलो. ग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या एका सरकारी कार्यालयात "आधी बिल आणा" म्हणाले. बिल न देणाऱ्याचीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाने बिल कुठून आणायचं? तिथून दुसऱ्या खात्यात धाडलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. टाकी फुटून कोणी मेलं असतं तर हीच माणसं पंचनाम्याला धावत आली असती.

ह्यांच्या भरवशावर राहू नका. पोच हातची सोडू नका. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर लेखी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता तिथूनच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा. माझ्या बाबतीत ती जाहिरात दुसऱ्या आठवड्यात गायब झाली. माझ्याकडे स्क्रीनशॉट, व्हिडिओ, यूपीआयची नोंद आणि फॅब्रिकेटरची सहीची चिठ्ठी आहे. तेवढं जोडून आयोगाकडे तक्रार टाकली आहे.

टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवलाय आणि वर लाल रंगाने "हवा भरू नये" लिहिलंय. परवा भंगारवाला येऊन बघून गेला. कापून दिली तर 28 रुपये किलो, म्हणजे 12 किलोचे 336. अख्खी दिली तर 700 देतो म्हणाला. अख्खी कशाला हवी, असं विचारलं तर उत्तर दिलं नाही. निकाल लागेपर्यंत ती इथेच राहील, आणि देईन तेव्हा ग्राइंडरने मधोमध कापूनच देईन.