नावाला शोभणाऱ्या शाळा: सातारा आणि कोल्हापूर येथील तीन शाळांचे परीक्षण

शाळा निवडताना पालक साधारणपणे दहावीचा निकाल, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृहांची अवस्था आणि घरापासूनचे अंतर पाहतात, आणि ते योग्यच आहे. या परीक्षणात मात्र त्यांपैकी काहीही मोजलेले नाही. ज्या व्यक्तीचे नाव शाळेला दिले आहे, तिचा त्या गावाशी आणि शिक्षणाशी खरोखर काही संबंध होता का, आणि तो संबंध तेथील विद्यार्थ्याला अभ्यासाचा विषय वाटावा इतका भरीव आहे का, एवढेच येथे पाहिले आहे. त्यासाठी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल, तेथीलच महाराजा सयाजीराव विद्यालय आणि कोल्हापूरच्या भवानी मंडपातील मेन राजाराम हायस्कूल या तीन शाळा निवडल्या. पहिली आणि तिसरी जिल्हा परिषदेची आहे, तर दुसरी रयत शिक्षण संस्थेची. रयतची शाळा काटेकोर अर्थाने सरकारी नाही. परंतु सातारा जिल्ह्यात सार्वजनिक शिक्षणाचा विचार रयतला वगळून करणे शक्य नाही, म्हणून ती येथे घेतली आहे.

मुळात आपल्याकडच्या बहुसंख्य सरकारी शाळांना व्यक्तीचे नाव नसतेच. खेड्यातील शाळा गावाच्या नावाने ओळखली जाते किंवा तिच्यावर ‘जीवन शिक्षण मंदिर’ असे लिहिलेले असते, आणि शहरातील पालिकेच्या शाळेला क्रमांक असतो. या क्रमांकांना रुक्ष म्हणून हिणवले जाते, पण निदान ते कोणताही खोटा दावा करीत नाहीत. एका नगरपालिकेच्या शाळेत (तिचे नाव येथे देत नाही) नामकरणाच्या कोनशिलेवर ज्यांचे नाव शाळेला दिले त्यांच्याविषयी एक ओळही आढळली नाही, उलट समारंभाला उपस्थित असलेल्या लोकप्रतिनिधींची नावे मात्र पदांसह आणि मानाच्या क्रमाने कोरलेली होती. नामकरण हे बऱ्याचदा शाळेसाठी नसते, ते ठराव मांडणाऱ्यांसाठी असते, अशी शंका अशा ठिकाणी येते. वर सांगितलेल्या तीन शाळांबाबत ती येत नाही.

प्रतापसिंह हायस्कूलची गोष्ट तर अशी आहे की नाव, वास्तू आणि कार्य यांचा इतका घट्ट मेळ महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पेशव्यांच्या नजरकैदेत वाढलेले प्रतापसिंह महाराज १८१८ साली आष्टीच्या लढाईत इंग्रजांच्या हाती आले आणि त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले. मिळालेल्या मर्यादित अधिकारांत या राजाने जे केले, ते पाहिले की शाळेला त्यांचे नाव का शोभते, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांनी पाठशाळा काढली, छापखाना आणला, महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता केला, यवतेश्वराच्या बाजूने शहरात पाणी आणले, आणि शाळा ज्या राजवाड्यात वाढली तो राजवाडाही बांधला. १८३९ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचाही आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला होता. त्यांना काशीला पाठवण्यात आले आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षे ठाण मांडून राहिले, पण त्याचा उपयोग झाला नाही. १८४८ साली, प्रतापसिंहांचे बंधू शहाजी वारल्यानंतर, इंग्रजांनी सातारा संस्थान खालसा केले.

यानंतरचा भाग विशेष आहे. ज्या सरकारने प्रतापसिंहांना राजवाड्यातून बाहेर काढले, त्याच सरकारचे इंग्रजी हायस्कूल पुढे त्याच राजवाड्यात भरू लागले, आणि स्वातंत्र्यानंतर त्या हायस्कुलाला प्रतापसिंहांचे नाव देण्यात आले. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला धडा मिळणार नाही. मुलांना कागदावरचा नकाशा दाखवण्याची गरज नाही, राजवाड्याच्या चौकात उभे करून हा सगळा क्रम सांगता येतो. नावाच्या कसोटीवर या शाळेला मी पहिला क्रमांक देतो.

तरीही या शाळेकडे येणारा बाहेरगावचा माणूस प्रतापसिंहांसाठी येत नाही. तो येतो ७ नोव्हेंबर १९०० या तारखेसाठी. त्या दिवशी ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाने एका मुलाचा प्रवेश इंग्रजी पहिलीच्या वर्गात नोंदवला गेला. नोंदवहीतील तो अनुक्रमांक १९१४ आहे आणि ती नोंदवही शाळेने जपली आहे. १९०४ पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे शिकले आणि त्यानंतर कुटुंबासह मुंबईला जाऊन एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाले. म्हणजे या शाळेला दोन नावे आहेत: एक फलकावरचे आणि एक नोंदवहीतले. शाळेचे नाव बदलावे असे यावरून मुळीच सुचवायचे नाही. फलकावर शिक्षणाची सोय करणारा राजा असावा आणि नोंदवहीत त्या सोयीचे सर्वाधिक सोने करणारा विद्यार्थी असावा, ही वाटणी मला उचित वाटते. अडचण एवढीच की नोंदवहीचा गौरव करताना त्या काळच्या शाळेचे पूर्ण चित्र सांगितले पाहिजे. साताऱ्यातील शाळकरी दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले आहे की वर्गात बसण्यासाठी त्यांना वेगळे गोणपाट घरून आणावे लागे, आणि शिपाई हजर नसेल तर नळ असूनही पाणी मिळत नसे. नोंदवहीतील सही आणि हे गोणपाट ही एकाच काळाची कागदपत्रे समजली पाहिजेत. केवळ सही दाखवली तर मुलांच्या हाती अभिमान येतो, माहिती येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्तुत्य आहे, परंतु तारखेची एक व्यावहारिक अडचण आहे: नोव्हेंबरचा पहिला आठवडा अनेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीत जातो. २०१८ मध्ये तर ७ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होते. विद्यार्थ्यांचा दिवस आणि शाळेत विद्यार्थीच नाहीत, अशी स्थिती अधूनमधून येणारच. सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर त्या आठवड्यात एक पूर्ण तास या विषयाला दिला, तर सुट्टीतील शासकीय अभिवादनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

महाराजा सयाजीराव विद्यालय हे नाव प्रथमदर्शनी थोडे परके वाटते, कारण बडोद्याच्या राजाचे साताऱ्यात काय काम, असा प्रश्न पडतो. उत्तर मिळण्यासाठी शाळा कोणी काढली हे पाहावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली, आणि १९४० साली हे हायस्कूल सुरू केले. गरीब मुलांनी श्रम करावेत, त्यातून खर्च भागवावा आणि शिकावे, ही ‘कमवा आणि शिका’ योजना या शाळेचा पाया होती. सयाजीराव गायकवाडांचे निधन १९३९ च्या फेब्रुवारीत झाले होते, त्यामुळे हे नामकरण जिवंत राजाची मर्जी संपादन करण्यासाठी केले होते, असे म्हणता येत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असा कायदा नव्हता. शेतकऱ्याच्या मुलाला मोफत शिकवणाऱ्या शाळेला या माणसाचे नाव द्यावे, यात उपकाराची परतफेड कमी आणि विचाराची निवड अधिक आहे.

येथे दोन्ही शाळांचा धागा एकमेकांत गुंततो. प्रतापसिंह हायस्कूलमध्ये नाव नोंदवलेला विद्यार्थी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेला तो सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. एकाच शहरात एका शाळेत त्या विद्यार्थ्याची नोंद आहे आणि दुसऱ्या शाळेच्या फलकावर त्याला शिष्यवृत्ती देणाऱ्या राजाचे नाव आहे. एका शाळेच्या मुलांना दुसऱ्या शाळेत नेऊन हे सांगणे किती सोपे आहे! सहलीसाठी बस ठरवून लांब जाण्याआधी हा कार्यक्रम करावा, अशी सूचना दोन्ही शाळांच्या शिक्षकांना करावीशी वाटते.

नावांविषयी भाऊराव स्वतः फार जागरूक होते. साताऱ्यात १९४७ साली काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली आणि त्या बदल्यात महाविद्यालयाचे नाव बदलण्याची अट घातली, तेव्हा भाऊरावांनी, एक वेळ वडिलांचे नाव बदलेन पण महाराजांचे बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन देणगी नाकारली, असे रयतच्या परंपरेत आवर्जून सांगितले जाते. पैशाची तेव्हा संस्थेला किती निकड होती, हे लक्षात घेतले तर या नकाराचे वजन कळते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने वसतिगृहातील मुलांच्या अन्नधान्यासाठी गेले होते, ही आठवण साताऱ्यात अजून ताजी आहे. आज देणगीच्या रकमेनुसार सभागृहापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यावर नावे कोरणाऱ्या संस्था पाहिल्या की भाऊरावांची ही तऱ्हा अधिकच उठून दिसते. कसोटी तीच ठेवली तर सयाजीराव विद्यालयाला मी प्रतापसिंह हायस्कूलच्या बरोबरीने ठेवीन. वास्तूचा संबंध नाही म्हणून किंचित मागे, एवढेच.

कोल्हापूरचे मेन राजाराम हायस्कूल अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, भवानी मंडपात आहे, आणि कोल्हापूरकर त्याला नुसते ‘मेन राजाराम’ म्हणतात. जागेचा दिमाख तिन्ही शाळांत येथे सर्वांत जास्त आहे. नावाच्या बाबतीत मात्र येथे गोंधळाला भरपूर वाव आहे, कारण करवीरच्या इतिहासात राजाराम एकापेक्षा अधिक आहेत. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र राजाराम वेगळे, शाहू महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे, आणि ज्यांच्या नावाने येथील हायस्कूल व कॉलेज यांची परंपरा ओळखली जाते ते, शाहू महाराजांच्या आधी होऊन गेलेले राजाराम महाराज, आणखी वेगळे. हे शेवटचे राजाराम १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला, विशीच्या उंबरठ्यावर, मरण पावले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तेथे त्यांची छत्री व अर्धपुतळा उभारला गेला, आणि जवळच्या आधुनिक पुलालाही त्या ‘हिंदी’ राजपुत्रावरूनच नाव मिळाले. प्रवासात त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी मृत्यूनंतर लंडनला छापली गेली.

इंग्रजी शिकणाऱ्या कोल्हापुरी मुलासमोर ठेवावे असे याहून जवळचे साहित्य कोणते? त्यांच्याच गावच्या, त्यांच्याहून थोड्याच मोठ्या मुलाने दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही रोजनिशी आहे. नववी-दहावीच्या वर्गात तिची चार पाने वाचून घेतली, तर नावाचा गोंधळ आपोआप मिटेल. राजाराम महाराजांच्या स्वतःच्या शैक्षणिक कार्याला मात्र आयुष्याने अवधी दिला नाही, म्हणून या कसोटीवर ही शाळा तिसरी येते. तिची बाजू सावरतात ते तिचे विद्यार्थी. कर्मवीर भाऊराव पाटील काही काळ राजाराम हायस्कूलमध्ये शिकले, म्हणजे सयाजीराव विद्यालय काढणारा माणूस या शाळेच्या बाकांवर बसलेला होता.

एक उणीव तिन्ही नावांत सारखीच आहे. तिन्ही नावे राजांची, आणि अर्थात पुरुषांची आहेत. ज्या सातारा जिल्ह्यातील नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या, तेथे तरी हे लक्षात यायला हवे. शिक्षक म्हणून आयुष्य घालवलेल्या व्यक्तींची नावे आपल्या सरकारी शाळांना फारच कमी मिळाली आहेत. ज्या गुरुजींनी एका खेड्यात तीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतला, त्यांचे नाव त्या खेड्यातील शाळेला देण्यास कोणाची हरकत असावी, हे मला समजत नाही. पण असा ठराव क्वचितच येतो, कारण त्यामागे मतांचे गणित नसते.

शाळा पाहायला जाणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. साताऱ्याच्या मुख्य एसटी स्थानकावरून राजवाड्याकडे जाणारी शहर बस किंवा रिक्षा घ्यावी. प्रतापसिंह हायस्कूलचे नाव सांगितले की पुढे पत्ता विचारावा लागत नाही. तिन्ही ठिकाणी चालू शाळा आहेत, त्यामुळे तास चालू असताना वर्गांच्या दाराशी जाऊन छायाचित्रे काढू नयेत. नोंदवही पाहायची असेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोलून वेळ ठरवावी, आणि मूळ वहीऐवजी छायाप्रत दाखवली गेली तरी तक्रार करू नये. सव्वाशे वर्षांचा कागद रोज हाताळण्यासाठी नसतो. कोल्हापूरला सुट्टीच्या दिवसांत देवळाच्या परिसरात वाहन लावायला जागा मिळत नाही, म्हणून भवानी मंडपात पायीच जावे, आणि शक्यतो मधली सुट्टी संपल्यावर.