छोट्या विमानात टॅब्लेटवरचे जीपीएस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी डिचोलीची. चोर्ला घाट चढून बेळगावला सांब्र्याच्या विमानतळावर जाते आणि तिथून सेसना १७२ उडवते. गेले आठ महिने मांडीवर बांधायच्या पाटीला, म्हणजे नीबोर्डला, टॅब्लेट आणि त्यात नेव्हिगेशनचे ॲप, असा संसार आहे. ॲपचे नाव मुद्दाम देत नाही. मला जे कळले ते कुठल्याही ॲपला लागू आहे: बोटांचे काम सगळे जमिनीवर उरकायचे, हवेत फक्त डोळ्यांनी वापरायचे.

खरेदीचे आधी सांगते. नुसता वायफायवाला आयपॅड घेऊ नका, त्यात जीपीएसच नसते. सिम घालण्याची गरज नाही, पण सिमची सोय असलेलेच मॉडेल घ्या. आणि परदेशातून कुणाला हातातले यंत्र आणायला सांगणार असाल तर त्यात उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय नाही ना, हे नीट बघा. साध्या जीपीएसला अडचण नाही, पण सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय जवळ बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर पर्यटकांवर यावरून कारवाई झालेली आहे.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या महिन्यात सांबरा ते मोपा अशी खेप ठरली. आदल्या रात्री घरी बसून मार्ग टाकत होते. गोव्यात विमानतळ दोन, आणि ॲपमध्ये ते चार अक्षरी कोडने शोधायचे: दाबोळीचा कोड व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए. शेवटच्या एका अक्षराचा फरक, आणि यादीत दोन्ही एकाखाली एक. मी घाईत दाबोळीवर बोट ठेवले. पडद्यावर मार्गाची गुलाबी रेघ आली, ती दिसायला अगदी छान. पण वहीत मी आधीच पट्टी-कोनमापकाने मोजून ठेवले होते: दिशा साधारण २६० अंश, अंतर ४४ नॉटिकल मैल. ॲप दाखवत होते २३८ आणि ५४. बावीस अंशांचा फरक बघून पोटात गोळा आला. दाबोळी म्हणजे नौदलाचा तळ. तिकडे न विचारता नाक वळवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तेव्हापासून नियमच केला आहे: दिशा आणि अंतर आधी कागदावर, मग ॲपमध्ये, आणि दोन्ही जुळले तरच पुढे. उड्डाणाआधी मिळणारे परवानगीचे क्रमांक, म्हणजे एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाचा), तेही कागदावरच लिहिते.

हवेत मी चारच आकडे बघते: ट्रॅक (विमान जमिनीवरून खरोखर सरकते ती दिशा), ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबाने वेग), उरलेले अंतर, उरलेला वेळ. नकाशावरचे बाकीचे थर बंद. सुरुवातीला हवामान, भूभागाचे रंग, रस्ते, सगळे चालू ठेवले होते आणि नकाशा गोधडीसारखा दिसायचा. ग्राउंडस्पीडचा उपयोग मात्र फार मोठा आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पश्चिमेला जाताना वेगदर्शकावर १०० नॉट असतात आणि जीपीएसवर ८५. इंधनाचा हिशोब त्या ८५ वरच करायचा. हेडिंग (विमानाचे नाक असते ती दिशा) आणि ट्रॅक यांतला फरक बघितला की वारा किती ढकलतोय तेही लगेच कळते. एक अंश चुकलात तर साठ मैलांवर एक मैल बाजूला जाता, हा जुना हिशोब पडद्यावर डोळ्यांदेखत दिसतो.

घाट ओलांडून सत्तरी तालुक्यात उतरताना मात्र एकदा गोंधळले. ॲपच्या नकाशात अंजुणे धरणाचे निळे पाणी आहे, पण खाणींचे खड्डे नाहीत. वरून बघावे तर लाल मातीत हिरव्या पाण्याने भरलेले खंदकच आधी नजरेत भरतात. मी एका खंदकालाच धरण समजून बसले आणि जीपीएस चुकते आहे असे वाटू लागले. शेजारी बसलेले माझे प्रशिक्षक सर शांतपणे म्हणाले, "आधी बाहेर बघ. भिंत कुठे आहे?" धरणाला भिंत असते, खाणीला नसते. भिंत दिसली, खाली चोर्ल्याचा वळणावळणाचा रस्ता दिसला, जीपीएस बरोबरच होते. माझ्या गावाजवळचा मुलूख, तरी चुकले. म्हणून आता प्रत्येक टप्प्यावर एक खूण खिडकीतून ओळखते, मगच पडद्याकडे बघते.

उंचीसाठी जीपीएस वापरू नका. खिशात राखीव म्हणून एक अँड्रॉइड फोन असतो. मिरामारच्या वाळूत उभी राहून त्यातल्या एका साध्या ॲपवर उंची बघितली तर समुद्रसपाटीच्या पन्नास मीटरहूनही खाली! फोन बिघडलेला नाही. काही ॲप पृथ्वीच्या गणिती आकारावरून उंची मोजतात, आणि आपल्या भागात समुद्राची खरी सपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. शिवाय विमानतळाचा टॉवर उंची देतो ती हवेच्या दाबावरून मोजलेली. क्यूएनएच, म्हणजे टॉवरने दिलेला समुद्रसपाटीचा दाब, लावलेला अल्टिमीटर (उंचीमापक), तोच खरा.

उष्णतेने सगळ्यात जास्त छळले. टॅब्लेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, आणि एप्रिलमध्ये काचेखालची कॉकपिट त्याच्या कितीतरी पुढे जाते. एकदा टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेतानाच, पडदा काळा झाला. आता जाड कव्हर काढून टाकले, काचेजवळ ठेवणे बंद केले, चार्जिंग घरीच पूर्ण करते. चालू चार्जिंगने तो आणखी तापतो. पोलराइज्ड गॉगलही सोडला, त्यातून पडदा आडवा धरला की काळा दिसायचा.

ॲपची वर्गणी मी पुन्हा भरली आहे. त्यातला विमानतळ-मार्गांचा माहितीसंच दर २८ दिवसांनी बदलतो आणि नवा नेहमी गुरुवारीच लागू होतो. एका ज्येष्ठांकडचे जुने हातातले यंत्र मी पाहिले आहे, त्यात मोपा नावाचा विमानतळच नव्हता, २०२३ च्या आधीचा संच. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दर चार आठवड्यांनी येणाऱ्या त्या गुरुवारी लाल फुली मारून ठेवली आहे. त्या दिवशी घरच्या वायफायवर संच उतरवून घेते आणि मोपा, दाबोळी, सांबरा तिन्ही उघडून बघते.