पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पोलिसांचा दाखला) दोनदा काढल्यानंतरचा अनुभव: तीन महिन्यांत मत बदललं, म्हणून परत लिहितेय

नवरा अमेरिकन सिटिझन, मी सोलापूरची, लग्न फेब्रुवारी २०२३ मध्ये इथंच झालं. आता त्याच्याकडं अमेरिकेला राहायला जायचं म्हणून व्हिसाची केस. आय-१३० (नवऱ्यानं बायकोसाठी भरायचा अर्ज) काय, एनव्हीसी (अमेरिकेचं नॅशनल व्हिसा सेंटर, कागद तपासतं ते) काय, ह्यातलं बाकीचं वाचणाऱ्यांना माहीत असेल असं धरून चालते, नाहीतर हे संपायचंच नाही. मला लिहायचंय ते फक्त पोलिसांच्या दाखल्याबद्दल. अख्ख्या केसमध्ये सगळ्यात स्वस्त कागद हाच, सरकारी फी ५०० रुपये, आणि सगळ्यात जास्त झोप ह्यानंच उडवली माझी.

आधी एजंटचं सांगते, कारण तिथूनच बिघडलं. आय-१३० मंजूर झालं ऑगस्ट २०२४ ला, मग एनव्हीसीची फी भरली, ३२५ आणि १२० असे मिळून ४४५ डॉलर. नवरा म्हणाला आता कागद गोळा कर. माझ्या मामांच्या ओळखीतला एक एजंट होता, नाव लिहीत नाही, त्यानं सांगितलं सगळं मी बघतो, चार हजार द्या. दिले. त्यानं तीन आठवड्यांनी आणून दिलं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. म्हणजे महाराष्ट्र पोलिसांच्या वेगळ्या पोर्टलवरून मिळतं ते, नोकरीला, सिक्युरिटी गार्डला वगैरे मागतात ते. शिक्का, सही सगळं बरोबर, खोटं काहीच नाही त्यात, पण अमेरिकेला भारतीय नागरिकाचा जो दाखला लागतो तो पासपोर्ट ऑफिसचा. मला तेव्हा दोन्हीत फरक असतो हेच माहीत नव्हतं. आपण दोन्हीला पीसीसीच म्हणतो ना. त्यात स्कॅन केलेलं ब्लॅक अँड व्हाइट, आणि मागच्या बाजूला शिक्का होता तर मागची बाजू स्कॅनच नाही केलेली. मी तसंच अपलोड केलं. नोव्हेंबरमध्ये एनव्हीसीचा मेसेज आला की हा दाखला चालत नाही, योग्य तो जोडा. आणि परत अपलोड केलं की परत रांगेत शेवटी उभं राहायचं.

एजंटला फोन केला तर म्हणतो, मॅडम सगळ्यांचं हेच चालतं, तुमचंच कसं नाही चाललं. पैसे परत मागितले तर म्हणाला धावपळ मी केली की. चार हजार गेले ते गेलेच. आमच्या घरी चादरीच्या कारखान्यातल्या पगारावर माझं शिक्षण झालंय, चार हजार म्हणजे काय हे मला माहितीये, म्हणून अजून राग येतो.

मग पासपोर्ट सेवाच्या साइटवर स्वतःच बसले. खरं सांगते, अर्धा तास लागला. लॉगिन करायचं, पीसीसीचा फॉर्म निवडायचा, कुठल्या देशासाठी पाहिजे ते टाकायचं (हे महत्त्वाचं आहे, दाखल्यावर देशाचं नाव येतं, उगाच दुसरा देश टाकू नका), ५०० भरायचे, तारीख घ्यायची. मला पुण्याची तारीख लवकर मिळत होती म्हणून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राला गेले. ए काउंटरला फोटो आणि बोटांचे ठसे, बी ला कागद तपासले, सी ला शेवटची सही, दुपारी जेवायच्या आत बाहेर. नंतर पोलीस तपासणी आमच्या ठाण्यातून झाली आणि दाखला हातात आला. रंगीत स्कॅन केला, अपलोड केला, आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू असतानाच डीक्यूचा, म्हणजे सगळे कागद पास झाल्याचा, मेल आला. आई तर सिद्धेश्वराला नारळ देऊन आली. इथपर्यंत मी म्हणत होते की पासपोर्ट ऑफिसला पाचपैकी पाच.

आता इंग्लंडचं. मी २०१९ ला एमएस्सीला गेले होते, चौदा महिने राहिले. नियम असा आहे की वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्या दुसऱ्या देशात तुम्ही बारा महिने किंवा जास्त राहिलात तिथला दाखला लागतो (आपल्या देशाला सहा महिने, आणि अटक झाली असेल तर एक दिवस राहिला असलात तरी लागतो). माझ्याबरोबरची एक मैत्रीण अकरा महिन्यांत परत आली, तिला लागलाच नाही. माझे ते जास्तीचे दोन महिने मला पौंडात पडले. पण ॲक्रोचं, म्हणजे तिथं हा दाखला देणाऱ्या ऑफिसचं, काम मात्र फार नीट वाटलं. फॉर्म ऑनलाइन, पासपोर्टचं स्कॅन, पत्त्यांची यादी, आणि आधीचं काही नाव असेल तर तेही विचारतात. दाखल्यावर ‘नो ट्रेस’ असं येतं, म्हणजे तुमच्यावर तिथं काहीच नोंद नाही. आणि ह्याची एक गोष्ट फार आवडली, त्या देशात तुम्ही परत गेला नाहीत तर तो दाखला जुना होत नाही. आपल्या इथला मात्र दोन वर्षांनी संपतो. म्हणून लग्न झाल्या झाल्या पीसीसी काढून ठेवू नका, आय-१३० लाच कितीतरी महिने जातात.

तर आता नाव. मला ज्याच्याबद्दल खरं लिहायचंय ते हे.

आपल्याकडं बाईच्या नावात आधी वडलांचं नाव असतं, माहेरचं आडनाव असतं, लग्न झालं की मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. आपल्याला ह्यात काही विचित्र वाटतच नाही. पण पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ मध्ये माझ्या नावाला जोडून वडलांचं नाव बसतं, आणि परदेशातल्या माणसाला ते माझंच नाव वाटतं. म्हणजे लग्नानंतर माझं आडनाव बदललं एवढंच नाही तर अर्धं पहिलं नावच बदललं असं त्यांना दिसतं. माझ्या मावसबहिणीचं तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीनच नाव लिहिलं होतं आणि नंतर आधारवर पण तेच केलं. तिनं पुढं कधी व्हिसा करायचा म्हटला तर काय होईल ह्याचा विचार करूनच मला कसंतरी होतं.

माझा पासपोर्ट २०१५ चा, जून २०२५ ला संपणार होता. आधार लग्नानंतर बदललेलंच होतं, सासूबाई म्हणाल्या आता पासपोर्टपण सासरच्या नावानं करून टाक, सगळं एकसारखं होईल. मलाही बरोबर वाटलं. मार्चमध्ये रीइश्यूचे १५०० भरले. पोलीस तपासणीला आमच्या ठाण्याचे हवालदार घरी आले, टॅबवर माहिती भरत होते, आधार बघितलं, लाइट बिल बघितलं, शेजारच्या दोघांची नावं घेतली. टेबलावर माझी अमेरिकेची फाइल उघडी होती आणि वरच पीसीसी. त्यांनी सहज बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्याच्यावर जुना पासपोर्ट नंबर हाय की. नवीन आला की नंबर बदलणार, नावबी बदलणार. हे तिकडं चालंल का?"

मी गप्पच झाले. चार महिने तो कागद माझ्याकडं होता, मी शंभर वेळा बघितला असेल, नवऱ्यानं बघितला, एनव्हीसीनं बघितला, आणि ही गोष्ट त्या हवालदारांना दोन मिनिटांत दिसली. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी, म्हणाले अजून सहा घरं आहेत. पोलीस तपासणी म्हटलं की आपल्याकडं लोक काय काय बोलतात, मला एक रुपया कुणी मागितला नाही, दोन्ही वेळेला नाही, आणि हे मला इथं मुद्दाम लिहायचंय.

तर एनव्हीसीनं पास केलेला दाखला माहेरच्या नावाचा, रद्द झालेल्या पासपोर्टच्या नंबरचा, आणि मुलाखतीला जाणार तो पासपोर्ट सासरच्या नावाचा. कुणी म्हणे चालतं, कुणी म्हणे २२१-जी ची चिठ्ठी हातात देतात आणि कागद आणून दिल्याशिवाय व्हिसा अडकतो. मी हिशोब केला. मुंबईला परत जायचं, राहायचं, त्यापेक्षा ५०० रुपये परत गेलेले परवडले. जूनमध्ये दुसरी पीसीसी काढली, ह्या वेळी सोलापुरातच तारीख मिळाली. नवीन नाव, नवीन नंबर. जुनीपण फेकली नाही, रद्द झालेला पासपोर्टपण बरोबर ठेवला, त्यात इंग्लंडचा व्हिसा आहे.

हे सगळं मी जूनमध्येच अर्धं लिहून ठेवलं होतं आणि तेव्हा ठळक अक्षरात लिहिलं होतं की बायांनो, आधी पासपोर्टवर सासरचं नाव करा आणि मगच पीसीसी काढा. ते आता खोडतेय.

ऑगस्टमध्ये मुलाखत झाली. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास, मेडिकल आणि बोटांचे ठसे आधी झालेले, सकाळी मुंबईत बीकेसीला, अमेरिकेच्या वकिलातीत. खिडकीवरच्या बाईंनी मूळ कागद मागितले. समोर काय काय होतं बघा: जन्मदाखला वडलांच्या नावाचा, डिग्री आणि ॲक्रोचा दाखला माहेरच्या नावाचा, आय-१३० माहेरच्या नावाचा, पासपोर्ट आणि पीसीसी सासरच्या. त्यांनी ॲक्रोचा आणि आपला दाखला शेजारी शेजारी ठेवून विचारलं, ह्या दोघी तुम्हीच का. मी हो म्हणाले आणि लग्नाचा दाखला पुढं केला, त्याच्यात दोन्ही नावं आहेत. त्यांनी एकदा वाचला, मान हलवली, आणि मग लग्न कसं जमलं, नवरा काय करतो, एवढेच प्रश्न. नावाचा विषय तिथंच संपला.

बाहेर येऊन मी कठड्याला टेकून बसले आणि लक्षात आलं की मी जर पासपोर्ट माहेरच्याच नावानं रीइश्यू केला असता तर फाइलमधला प्रत्येक कागद एकाच नावाचा असता. नवरा-बायको असल्याचा पुरावा लग्नाचा दाखला आहे, पासपोर्टवरचं आडनाव नाही. दुसरी पीसीसी तरीपण लागली असती कारण नंबर बदलणारच होता, पण पोटातला तो गोळा आला नसता, आणि "ह्या दोघी तुम्हीच का" हे मला ऐकावं लागलं नसतं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये माझ्या. जन्मापासूनचं नाव माझं, एमएस्सीच्या डिग्रीवर माझं, आणि मी ती आहे हे मला तिसऱ्या कागदानं सिद्ध करावं लागलं.

म्हणून आताचं माझं मत असं: पासपोर्टला मुदत असेल तर हात लावू नका. संपत आला असेल तर आहे त्याच नावानं नवीन करा आणि मग त्याच्यावर पीसीसी काढा, आधी नाही. सासरी कुणी बोललं तर व्हिसानंतर बघू म्हणा. ज्यांनी आधीच बदललंय त्यांनी घाबरू नका, डीएस-२६० मध्ये (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) आधीच्या नावाचा रकाना आहे तो रिकामा सोडू नका, आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावं नीट आहेत का, स्पेलिंगसकट, ते आजच बघा. माझ्या दाखल्यावर वडलांच्या नावात एक ‘एच’ कमी होता, तो मी वेळेत दुरुस्त करून घेतला म्हणून वाचले.

एजंटला शून्य. पासपोर्ट केंद्राला साडेचार, अर्धा कमी एवढ्यासाठी की पासपोर्ट बदलायला गेल्यावर कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की तुमच्या नावावर पीसीसी निघालीये, ती आता जुनी होईल. ॲक्रोला चार, महाग म्हणून. हवालदार साहेबांना काय द्यायचं मला कळत नाही. व्हिसा आल्यावर शेंगा चटणीचा अर्धा किलोचा पुडा घेऊन ठाण्यात गेले होते, ते बंदोबस्ताला गेलेले, मग तिथल्या मॅडमकडं त्यांच्यासाठी ठेवून आले.